नाऱ्याचा पेढा

शिरड शहापूरच्या एका लग्नात नवरदेव बोहल्यावर उभा होता, लोकांच्या मुठीत अक्षता होत्या, भटजींनी घसा साफ केला होता, आणि नेमक्या त्या क्षणी आमच्या बाई पहिल्या रांगेतून उठल्या. त्यांनी पर्समधून ओळंबा काढला. गवंड्याकडे असतो तो, दोरीच्या टोकाला बांधलेला पितळी लट्टू. भिंत सरळ आहे की कलली, ते तो सांगतो. बाईंनी तो मांडवाच्या पुढच्या खांबाला लावला, एक डोळा मिटला आणि शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "कललाय. ह्याच्याखाली लेकरं बसवू नका."

मुलाच्या मामाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ऐन मुहूर्तावर असलं बोलणं. पण मांडववाल्याने मुकाट्याने खांबाला एक दोर जास्तीचा आवळला, पोरंटोरं उचलून मागे बसवली गेली, आणि लग्न लागलं. मांडव काही पडला नाही. पंगतीत बसल्यावर मी बाईंना डिवचलं, "पडला नाही हो बाई." बाईंनी बुंदीत हिरवी मिरची बुडवली, चावली आणि समाधानाने म्हणाल्या, "सांगितलं म्हनून पडला न्हाई."

या उत्तरापुढे कुणाचंच काही चालत नसे. माझंही कधी चाललं नाही.

बाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. कुरुंद्याजवळ आमच्या संस्थेचं एक वसतिगृह आहे. दिवाळी झाली की आजूबाजूच्या वाड्यांतली जोडपी ऊसतोडीला लांब निघून जातात. त्यांची लेकरं कोयत्यामागे फरपटू नयेत, शाळेत राहावीत, म्हणून हे वसतिगृह. गुढीपाडव्याच्या पुढेमागे आईबाप परत आले की पोरं घरी जातात आणि आम्ही कुलूप लावतो. बाई तिथल्या प्रमुख. मी तिथली कारकून, वेळ पडली तर स्वयंपाकीण, आणि कार्यक्रम असला की निवेदिका. माझा आवाज खणखणीत आहे आणि मला बोलायला आवडतं, हे दोन्ही गुण तुमच्या लक्षात आलेच असतील. बाई मला 'माइक' म्हणत. "ए माइक, हिकडं ये." "माइक, जरा आवाज कमी कर, डाळ करपून राहिली." संस्थेत नव्याने आलेली माणसं मला खुशाल 'माइक मॅडम' म्हणत आणि मला काही खरं नाव आहे का याची चौकशीही करत नसत.

बाईंना कुणी फोन करून "कशा आहात?" असं विचारलं की त्या खरोखर सांगत. गुडघा दुखतो, दुपारपासून लाइट नाही, नव्या तांदळात खडे आहेत, मागच्या खोलीच्या खिडकीची कडी सैल झाली आहे. पलीकडचा माणूस दमून जाई. एकदा एका मोठ्या साहेबांनी भाषणात "या वसतिगृहात कशाचीही उणीव नाही" असं म्हटलं, तर बाई व्यासपीठावरूनच खाली मला म्हणाल्या, "माइक, त्यांना उणिवा दाखव, जेवायच्या आधी."

पण बाई जन्मापासून अशा नव्हत्या. मी लागले तेव्हा त्या चारचौघींसारख्या होत्या. सकाळी भेटेल त्याला जयभीम, दिसेल त्याला चहा, आणि सगळ्यांना बरं वाटेल तेवढंच बोलणं. त्यांना बिघडवलं एका सभागृहाने. त्याचीच ही गोष्ट.

वसमतचे हळदीचे एक व्यापारी आहेत, आम्ही त्यांना शेटजी म्हणतो. त्यांची आई वारली. तिच्या नावाने लेकरांसाठी एक मोठं सभागृह बांधून द्यावं असं त्यांच्या मनात आलं. दिवसा वर्ग, रात्री झोपायला जागा. आमच्या जुन्या खोल्या लहान होत्या, पोरं भांड्यात भांडी घालावीत तशी झोपत. बाई हरखून गेल्या. जागा कुठली, याचाही फार विचार करावा लागला नाही. रस्त्याला लागून आमच्या आवारात एक तुकडा होता, ताटासारखा सपाट. पोरं तिथे कबड्डी खेळत. येणाऱ्याजाणाऱ्याला आईच्या नावाची पाटी दिसेल, म्हणून शेटजींनाही ती जागा पसंत पडली.

भूमिपूजन भर चैत्रात झालं. शेटजींनी नारळ फोडला, बाईंनी पहिली कुदळ मारली, आणि मी माइकवर होते. काळी जमीन उन्हाने अशी तडकली होती की भेगांमध्ये हात जावा. शेटजींचा पुतण्या फोटो काढायला वाकला आणि त्याचा मोबाइल एका भेगेत पडला. आत कुठेतरी खोल गेला. दुसऱ्या फोनवरून लावून पाहिला, तर जमिनीच्या पोटातून गाणं वाजायला लागलं. असा प्रसंग निवेदिकेला आयुष्यात एकदाच मिळतो. मी माइक तोंडाशी नेला आणि म्हणाले, "मंडळी, भूमातेनं आपला पहिला फोन घेतलेला आहे." टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शेटजींचा पुतण्यासुद्धा रडता रडता हसला.

मग घाई झाली. पावसाच्या आत काम संपवायचं होतं, आणि ते संपलं. रंग लागला, संगमरवरी पाटी लागली. आम्ही फीत कापली, कुलूप लावलं आणि आपापल्या घरी गेलो.

बाई मात्र घरी बसल्या नाहीत. त्या वर्षी त्यांनी आखाडा बाळापूरच्या बाजूच्या कितीतरी वाड्या पालथ्या घातल्या. ज्यांची लेकरं दर वर्षी उसाच्या फडावर जात त्यांच्या दारात बसून सांगितलं, की यंदा नेऊ नका, आता जागा झाली आहे. लोक बाईंच्या शब्दावर होय म्हणाले. नेहमीपेक्षा दुपटीने लेकरं येणार होती.

पोळ्याच्या सुमाराला आम्ही दोघी आवारात गेलो. मोठी भांडी कल्हईला टाकायची होती आणि ती सभागृहात ठेवली होती. दार उघडेना. कुलूप निघालं, पण दार चौकटीत घट्ट रुतून बसलेलं. मी खिडकीतून आत डोकावले. फरशी मधोमध पुरीसारखी फुगली होती. समोरच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग, आणि त्या भेगेतून एक मुंगूस बाहेर आलं, आमच्याकडे पाहिलं आणि घरमालकाच्या थाटात पुन्हा आत गेलं. चहूबाजूंनी पोटरीएवढं पाणी आणि बेडकांची शाळा पूर्ण पटावर भरलेली.

आमच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आमचं वसतिगृह चालतं दिवाळी ते पाडवा. आमच्यापैकी एकानेही तो तुकडा आषाढात पाहिलेला नव्हता. तो सपाट होता, कारण दर पावसाळ्यात तिथे पाणी बसून त्याला सपाट करत होतं. आणि आमची काळी माती म्हणजे तर सासरवाशिणीचं मन. उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात भरून येते. तिच्यावर भिंत उभी करायची तर खाली मुरूम लागेपर्यंत खोदावं लागतं. आम्ही वरवर खरवडून उभी केली होती.

बाई पाण्यात छत्री धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "माइक, लेकरं आत नव्हती." थोड्या वेळाने पुन्हा तेच, "लेकरं आत नव्हती." आणि मग खिडकीतून हात घालून त्यांनी आतल्या खिळ्याला टांगलेली एक वस्तू ओढून काढली. मिस्त्री आपला ओळंबा विसरून गेला होता. त्या तिरक्या भिंतीवर तो अगदी सरळ लोंबत होता. "ह्या इमारतीत एवढंच सरळ हाय," असं म्हणून बाईंनी तो पर्समध्ये टाकला, तो कायमचाच.

बातमी पसरली तशी माणसं पाहायला येऊ लागली. आणि प्रत्येक जण भेगेकडे पाहून मान हलवी आणि म्हणे, "आमाला माहीतच होतं."

बाई जुन्या खोल्यांच्या पायरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी एकेकाला चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला, "मग बोलला काहून न्हाईत?"

शेजारचा शेतकरी म्हणाला, त्याची म्हैस दर आखाडात नेमकी तिथेच डुंबते, पण एवढी मोठी माणसं उभी होती, त्यांनी काही विचार केलाच असेल असं त्याला वाटलं. सरपंच म्हणाले, शेटजींच्या आईचं नाव होतं, त्यात आपण कशाला माशी शिंकवायची. नकाशा काढणारा इंजिनिअर म्हणाला, त्याला मातीची शंका आली होती, पण तारीख ठरली होती, पत्रिका छापल्या होत्या. आणि मिस्त्रीने सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं.

"नारळ फुटल्यावर कोन बोलतंय बाई? शुभ कामात वंगाळ बोलून तोंड काळं कोन करून घेतंय?"

बाईंनी कपातला चहा बशीत ओतला. "मीबी तसलीच," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी भेगेत छत्री घालून बघितली व्हती. मुठीपर्यंत आत गेली. मला वाटलं, कुनीतरी बोलंल."

मग मिस्त्री हसला, मग म्हशीवाला हसला, आणि हळूहळू सगळेच हसत सुटले. तेवढी मंडळी तेवढं सत्य उराशी बाळगून एका मांडवाखाली उभी होती आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून टाळ्या वाजवल्या होत्या. जमिनीने बिचारीने मोबाइल गिळून दाखवला होता, तरी आम्ही टाळ्याच वाजवल्या.

त्याच संध्याकाळी बाईंना नाऱ्या भेटला.

नाऱ्या तुम्हालाही ठाऊक आहे. 'शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली.' ही म्हण बाईंनी शाळेत वर्षानुवर्षं शिकवली होती. मूर्ख माणूस, भलत्या वेळी भलतं बोलणारा, असा अर्थ फळ्यावर लिहून दिला होता. त्या संध्याकाळी त्या पायरीवर बसल्या बसल्या एकदम ताठ झाल्या.

"माइक, मला सांग. मांडवाला आग लागली व्हती का न्हाई?"

मी म्हटलं, म्हणीत तेवढं दिलेलं नाही.

"लागली असंल तर? एकटा नाऱ्या बोलला आन् समदे त्याला हसले. मांडव जळाला असंल. ते कुनी सांगत न्हाई. मी असते तर त्याला पेढा दिला असता."

आणि असा पेढा सुरू झाला. बाईंनी नियम ठरवला. यापुढे संस्थेत कुठलंही काम असो, इमारत, सहल, स्नेहसंमेलन, आधी नाऱ्याची सभा. सगळ्यांनी गोल बसायचं आणि या कामात काय काय वाईट होईल ते बोलायचं. चांगलं बोलायला बंदी. जो खरोखर कामाचं अभद्र बोलेल त्याला अर्धा पेढा. बाईंनी मग "मग?" असं विचारायचं, आणि त्यावर जो उपाय सांगेल त्याला उरलेला अर्धा. दोन्ही एकालाच मिळाले तर बाई उठून त्याला नमस्कार करत.

पण पहिली सभा भरायच्या आधी संकट दारात येऊन उभं राहिलं. दसरा झाला होता. मुकादम वाड्यांतून फिरत होते, ट्रॅक्टर ठरत होते. बाळापूरकडच्या एका वाडीची माउली मुलीचं बोट धरून आली. तिच्या कानावर भिंतीची गोष्ट गेली होती. तिने आत येऊन पाणीसुद्धा घेतलं नाही. "बाई, जागा हाय ना?" ती म्हणाली. "न्हाईतर आत्ताच सांगा. मी पोरीला संगं नेते."

बाईंनी तिच्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "चार दिवस दे," एवढंच म्हणाल्या. दुपटीने लेकरं, आणि त्यांना द्यायला बाईंपाशी फक्त शब्द होता.

शेटजी दुसऱ्या दिवशी आले. भले माणूस, पण दुखावलेले. ते म्हणाले, नवं सभागृह देतो, आत्ताच्या आत्ता देतो, दिवस-रात्र माणसं लावतो, दिवाळीपर्यंत उभं करतो. अट एकच. हे पडकं आधी सपाट करा, माती टाका आणि याची गोष्ट कुणी तोंडातून काढू नका. माझ्या आईचं नाव त्या वाकड्या भिंतीवर आहे.

कुणीही होय म्हटलं असतं. मी तर मनात निवेदनाची पहिली ओळसुद्धा जुळवली होती. बाई म्हणाल्या, "शेटजी, आधी नाऱ्याची सभा. तुमी बसा."

त्या खचलेल्या सभागृहाच्या ओट्यावर सतरंजी अंथरली. मिस्त्री, म्हशीवाला, सरपंच, इंजिनिअर, मी, आणि मधोमध पांढऱ्या कपड्यांतले शेटजी, ज्यांना आयुष्यात कुणी अभद्र ऐकवलेलं नव्हतं. पेढ्यांचा डबा बाईंच्या मांडीवर. इंजिनिअर म्हणाला, "तसं सगळं चांगलंच होईल." बाईंनी डब्याचं झाकण खाडकन लावलं. मग मिस्त्री खाकरला आणि म्हणाला, दिवाळीपर्यंत उभी केलेली भिंत ओलीच असेल, पोरं ओल्या भिंतीला टेकून झोपतील. अर्धा पेढा. म्हशीवाला म्हणाला, दुसरी जागा कोरडी कशावरून, पावसाळा तर संपला. अर्धा पेढा. माणसांना चव लागली. सरपंचांना भीती सुचेना, म्हणून ते कासावीस झाले.

शेटजी खाली मान घालून ऐकत होते. एकाएकी म्हणाले, "मी बोलू का?"

"बोला की."

"ही बी पडली, तर माझी माय दुसऱ्यांदा पडंल."

बाईंनी डबा उघडला, पेढा मोडला आणि स्वतः उठून अर्धा पेढा शेटजींच्या तळहातावर ठेवला. तो खाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण खाल्ला पूर्ण.

मग बाईंनी विचारलं, "मग?"

मिस्त्री म्हणाला, खरं म्हणजे यंदा बांधूच नये. एक पावसाळा जमीन बघावी, मग हात लावावा. सगळ्यांना पटलं, आणि सगळ्यांना तीच अडचण दिसली. लेकरं कुठे झोपणार? शेटजी पेढ्याचा हात रुमालाला पुसत होते. पुसता पुसता थांबले. "माझं कुरुंद्याचं गोदाम," ते म्हणाले, "आता रिकामंच हाय. जुनी हळद गेली. नवी यायला शिवरात्र उजाडंल."

उरलेला अर्धा पेढाही शेटजींना मिळाला, आणि बाईंनी उठून त्यांना नमस्कार केला. शेटजी इतके लाजले की त्यांनीही बाईंना उलट नमस्कार केला, आणि दोघं वाकलेली एकमेकांची वाट पाहत राहिली.

त्या हिवाळ्याचं काय सांगू. गोदाम झाडलं, धुतलं, पण हळद ती हळद. ती भिंतीत होती, जमिनीत होती, हवेत होती. आठवड्याभरात पोरं पिवळी झाली. कान पिवळे, वह्या पिवळ्या, भात पिवळा, आणि पांढरी कुत्री एक होती ती सोन्याची झाली. गोदामात जाण्याआधीही नाऱ्याची सभा झाली होती, तीत पोरांनाही बसवलं होतं. एकाला उंदरांची भीती, एकीला आमच्या तांदळाची पोती अंगावर पडतील याची. ती पोती कमरेच्या वर रचायची नाहीत असा उपाय निघाला. एका कार्ट्याने सांगितलं, "बाई, हळदीत झोपून आमचं लोनचं व्हईल." बाईंनी गंभीरपणे विचार केला आणि त्याला पाव पेढा दिला. बाईंचं म्हणणं, त्या हिवाळ्यात एकाही लेकराला खोकला झाला नाही. मी तर रोज रात्री खोकला ऐकत होते. बाई म्हणत, ते हसून राहिलेत.

शिवरात्रीला नवी हळद आली, तेव्हा शेटजींनी ती बाहेरच्या उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये उतरवली आणि पोरांना हलवू दिलं नाही.

पाडव्याला आईबाप परत आले. बाळापूरकडची ती माउली गोदामाच्या दारात उभी राहिली आणि समोरून तिची पोर पळत आली, नखशिखांत पिवळी. आई बघतच राहिली. मग बाईंकडे वळून म्हणाली, "लेकरू ठेवलं व्हतं बाई. तुमी नवरी करून देऊन राहिल्या व्हय?" आणि पोरीला छातीशी धरलं. तिचं लुगडंही पिवळं झालं.

पुढचा पावसाळा बाईंनी आवारात काढला. एकटीने, जुन्या खोलीत. पाऊस थांबला की छत्री घेऊन निघत आणि जिथे पाणी साचलेलं दिसेल तिथे बेशरमाच्या झुडपाची काडी रोवत. बेशरम नावाला जागला, काड्यांना फुटवे आले, आणि श्रावणाच्या अखेरीस आमच्या आवारातल्या ओल्या जागेवर हिरवं कुंपणच उभं राहिलं. कोरडा राहिला तो मागचा एक खडकाळ, कुसळं माजलेला, भिकार तुकडा, जिथे आम्ही संडास बांधायचे म्हणत होतो. रस्त्यावरून तो दिसतही नाही. शेटजींनी तिथे उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, "मायला कुठं रस्ता बघायचाय. तिला लेकरं बघायचीत." मुरूम लागेपर्यंत खोदलं, आणि सभागृह तिथे बांधलं. बाई रोज ओळंबा लावत. मिस्त्री म्हणे, "बाई, माझ्या पोटावर पाय देऊन राहिल्या तुमी."

ते अजून उभं आहे. त्याची भेग शोधून दाखवणाऱ्याला बाईंनी आख्खा पेढा लावला होता. तो डब्यातच राहिला.

जुन्या सभागृहाच्या भिंती आम्ही उतरवल्या, धोका नको म्हणून. पण फुगलेल्या फरशीचा ओटा बाईंनी हलवू दिला नाही. पोरं त्याच्या उतारावरून घसरगुंडी खेळतात, आणि नाऱ्याची सभा तिथेच भरते. पहिली संगमरवरी पाटी काढून टाकायची वेळ आली तेव्हा शेटजींनीच ती ओट्यात बसवून घेतली. पाहुणे आले की त्यांना आधी तिथे नेतात आणि सांगतात, "ही आमच्या मायची शाळा. नवी इमारत नंतर बघा."

दोन वर्षांपूर्वी बाईंचा गुडघा हरला. त्या बाळापूरला भाचीकडे राहायला गेल्या. आमच्याकडे नवे प्रमुख आले. चांगले आहेत, गोड बोलतात, त्यांना सगळ्यांचं सगळं आवडतं. मागच्या महिन्यात नवं स्वयंपाकघर बांधायचं ठरलं. मी नाऱ्याच्या सभेचं नाव काढलं, तर ते हसून म्हणाले, "मॅडम, शुभ बोला." नारळ फुटला. मी माइकवर होते. जागा निवडली होती रस्त्याजवळची, ओट्याच्या पलीकडची. ताटासारखी सपाट. उन्हाळा होता, बेशरम वाळून गेला होता.

त्या आठवड्यात मी बाळापूरला गेले. बाई पलंगावर बसून होत्या, उशाशी ओळंबा, हाताशी डबा. मी शिरता शिरताच सुरू झाले. काय तब्येत आहे बाई, किती ताज्या दिसता, शंभरी गाठणार तुम्ही. बाईंनी डब्याकडे नेलेला हात मागे घेतला.

मी माइकचा आवाज बंद केला आणि खाली बसले. सगळं सांगितलं. सपाट जागा, नारळ, टाळ्या. मिस्त्रीही होता, तो माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे.

"सभा?" बाईंनी विचारलं.

"झाली नाही. तुम्ही गेलात आणि सगळे परत छान छान बोलायला लागलेत बाई."

बाईंनी डबा उघडला. पेढा मोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला, अर्धा परत डब्यात टाकला. चेहरा असा फुलला जणू मी त्यांना पारितोषिक आणून दिलं होतं.

"पाया भरला का?"

"अजून नाही. सोमवारी भरणार आहेत."

"मग हितं काहून बसून राहिलीस?"

सोमवारी सकाळी पाया भरायच्या आधी नव्या प्रमुखांनी छोटासा कार्यक्रम ठेवला होता. हार होते, शेटजी होते, आता काठी टेकत आलेले. मी माइक हातात घेतला, पदर सारखा केला आणि माझ्या सगळ्यात गोड आवाजात म्हणाले, "उपस्थित मान्यवरहो, मांडवाला आग लागली आहे."

नवे प्रमुख वर मांडवाकडे बघायला लागले. शेटजी पोट धरून हसले. मिस्त्रीने फावडं टाकलं, ओट्यावर जाऊन मांडी घातली आणि म्हणाला, "पयलं मी बोलतो." मग म्हशीवाला आला. त्याची आताची म्हैस त्या जुन्या म्हशीची नात आहे आणि ती नेमकी तिथेच डुंबते. जेवणाची वेळ झाली तरी सभा चालू होती. शेवटी स्वयंपाकघर मागच्या खडकावर गेलं, आणि नव्या प्रमुखांनी आयुष्यातलं पहिलं अभद्र सांगितलं. तिथे चुलीचा धूर वाऱ्याने पोरांच्या खोलीत जाईल, असं ते म्हणाले. ते बोलून त्यांना घाम फुटला, पण ते खरं होतं. आम्ही धुराडं दुसऱ्या बाजूला घेतलं.

रविवारी बाळापूरला जाऊन मी माझा उरलेला अर्धा पेढा घेतला. कडक झाला होता. बाईंनी सोबत एक हिरवी मिरची दिली.